फ्यूज माझ्या खिशात होता

उत्तम तुळशीराम. वय तेवीस, राहणार बौद्धवाडा. वैशाखातल्या एका मंगळवारी सकाळी दहापासून दुपारी सव्वाबारापर्यंत आमच्या गावाने त्याला मारुतीच्या देवळापुढच्या फरशीवर अनवाणी उभं केलं, आणि तो मेला. आधी एवढं लक्षात ठेवा. बाकीचं पुढे.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. चिखलीच्या बाजारात मी अंगारे-धुपाऱ्यांविरुद्ध पत्रकं वाटलीत, एका भगताच्या दारात उभा राहून त्याचीच पत्रकं फाडलीत. तेव्हा 'मनाचे खेळ' म्हणून हे पान उलटू नका. मी स्वतः तिथे होतो. नुसता होतो असंही नाही... पिना मीच लावत होतो.

आमचं गाव चिखली-मेहकर रस्त्यावर, फाट्यापासून दोन मैल आत. नवं राज्य होऊन चार-पाच वर्षं झालेली, गावात वीज येऊन एक. सरपंच म्हणजे माझे सख्खे काका. शाळेचं छप्पर पुढच्या वर्षावर ढकलून त्यांनी मुंबईहून एक पेटी आणवली. पेटीत रेडिओ, कर्णे वाजवणारं मशीन आणि एक घड्याळ. घड्याळाच्या चकतीला भोकं, सोबत बारा पिना. किती वाजता कोणतं स्टेशन लागावं, कोणत्या गल्लीतला कर्णा बोलावा, हे पिनांनी एकदा लावून ठेवायचं. मग हात न लावता सगळं आपोआप. उद्घाटन शुक्रवारी, पाहुणे ठरलेले, मांडव पडलेला... आणि पेटी काही लागेना. एक पीन चुकली की आधीच्या सगळ्या टपाटप बाहेर. पुन्हा पहिल्यापासून. सोबतचं पुस्तक इंग्रजीत. मास्तरांनी हात टेकले. रविवारी तर सगळ्या गावात एकदम तीन स्टेशनांचा कालवा झाला आणि काकांची म्हैस दावं तोडून पळाली.

हे काम येणारा गावात एकच माणूस. उत्तमने अकोल्याला रेडिओदुरुस्तीच्या दुकानात तीन वर्षं काढली होती. काका त्याला म्हणाले, पेटी लावून दे, तुलाच चालक नेमतो. पंचायतीची नोकरी! त्याची आई रुख्माबाई जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात निंदत आलेली. उत्तम मला फाट्यावर भेटला तेव्हा म्हणाला होता, "श्रीधरभाऊ, नोकरी लागली का मायले घरी बसवतो. पयले तिले चपला घेतो."

पण पेटी होती देवळाच्या ओट्यावर. मीटर तिथेच. आणि उत्तमला पायरी चढायची बंदी.

मग गावाने अक्कल लढवली. ज्याला येतं त्याने खाली उभं राहून सांगायचं, ज्याला येत नाही त्याने वर बसून करायचं. पुस्तक मी वरून खाली टाकलं. एकदा उत्तमचा हात लागल्यावर ते परत वर येणार नव्हतं. म्हणजे चित्रं खाली, यंत्र वर. देवापुढे म्हणून त्याने चपला निंबाखाली काढल्या. निंबाची सावली पायरीला लागून, तिथे बायका पाण्याला जाता-येता टेकतात, म्हणून तीही नाही. उभं राहायचं ते मधल्या काळ्या फरशीवर. वैशाखात.

"श्रीधरभाऊ, चौथी पीन डावीकडं. अजून. अजून थोडं... बस!"

मी लावायचो. ती बसायची. पाचवी चुकली की आधीच्या चारही उडायच्या.

"काऊन बे," काका बाजेवरून म्हणाले. त्यांच्या हातात ताकाचा पेला. "तुले येते का नुसतं अकोल्याचं नाव सांगतं?"

"पाटील, मले एकडाव वर येऊ द्या. दोन मिनिटाचं काम हाय."

"तुले वर घेतलं तं देव खाली उतरल ना बे!"

हशा पिकला. मीही हसलो. हो, पत्रकं वाटणारा मी. मनाशी म्हणत होतो, आधी पेटी लागू दे, त्याची नोकरी लागू दे, मग पायरीसाठी भांडू. सगळे भित्रे असाच हिशेब करतात.

अकरा वाजले. तो एक पाय उचलायचा, दुसरा टेकायचा. "नाचते का पाहा," कोणीतरी म्हणालं, "रेडिओ लागायच्या आधीच!" त्याने पाणी मागितलं. काकांच्या गड्याने वरून तांब्या तिरका केला, आणि उत्तमची ओंजळ पुढे आली तशी धार बाजूला घेतली. पाणी फरशीवर पडलं आणि बघता बघता वाळलं. पुन्हा हशा.

सव्वाबाराला उत्तम म्हणाला, "बारावी... डावीकडं... अजून थोडं... बस." पीन बसली. एकही उडाली नाही. मी आनंदाने मान वर केली तर तो फरशीवर आडवा पडलेला, पुस्तक छातीखाली.

काकांचा पहिला शब्द — "लागली का?"

मेहकरच्या दवाखान्याकडे बैलगाडी निघाली, फाट्यावरूनच परत आली. संध्याकाळी पंचनामा झाला: मयत आपल्या मर्जीने आला, ऊन बाधून वारला. खाली पंच म्हणून माझी सही.

बुधवारी पेटी सुरू केली. बाराही पिना जागच्या जागी, पण आवाज नाही. घड्याळ सव्वाबारावर थांबलेलं. चावी दिली, चालेना. गुरुवारी सकाळी मेहकरहून वायरमन आला. तपासून म्हणाला, सगळं ठीक आहे, पुस्तकात बघा. पेटी उघडायची म्हणून त्याने देवळाचा फ्यूज काढला आणि माझ्या हातात दिला. मी तो सदऱ्याच्या खिशात टाकला. म्हणजे त्या घडीला देवळात वीज नव्हती. हे नीट लक्षात घ्या.

पुस्तक उत्तमच्या देहासोबत गेलेलं, रुख्माबाईकडे होतं. पोराला पुरून दोन दिवस झालेले. काकांनी निरोप धाडला, पुस्तक घेऊन ये.

ती आली. पुस्तक पदरात गुंडाळलेलं.

"तिथंच थांब," काका म्हणाले. "फरशीवर. एकेक पान उघडून वर दाखव, श्रीधर पाहील."

"पाटील, मले वाचता येत नाई. कोनतं पान?"

"सगळीच दाखव ना! तुले कोनतं काम हाय आता?"

हे दोन दिवसांपूर्वी पोर गेलेल्या बाईला! आणि ती उभी राहिली. त्याच फरशीवर, अनवाणी. पानं उलटत राहिली. एक पान उलटं धरलं म्हणून गडी हसला. मी वरून "पुढचं" म्हणत होतो. मी "पुढचं" म्हणत होतो.

तेवढ्यात देवळाच्या शिखरावरचा कर्णा खरखरला.

आधी वाटलं, वारा. मग आवाज आला... बारीक, थकलेला, जवळचा.

"माय. उन्हात नको उभी राहू. चपला घाल."

काकांच्या हातून पेला पडला. वायरमन माझ्याकडे पाहत होता. मी खिसा चाचपला. फ्यूज होता. थंडगार, माझ्या मुठीत.

"निंबाखाली हायेत माझ्या. घाल."

मंगळवारी काढलेल्या चपला तिथेच होत्या. विटाळाच्या भीतीने कोणी हलवल्या नव्हत्या. रुख्माबाई ना रडली, ना ओरडली. निंबाखाली गेली, लेकाच्या चपला पायात घातल्या. मोठ्या होत्या, फटफट वाजत होत्या. आणि ती पायऱ्या चढली. चपलांसकट. एक माणूस आडवा आला नाही. तिने पुस्तक पेटीवर ठेवलं, माझ्याकडे पाहून म्हणाली, "लाव आता," आणि आली तशी उतरून गेली.

पेटी पुन्हा कधी बोलली नाही, शुक्रवारचं उद्घाटन राहिलंच. काकांनी संध्याकाळी देऊळ धुवून घेतलं आणि पंचायतीत ठराव केला: रुख्माबाईच्या चढण्याने यंत्र बिघडले. तेव्हापासून तिला गावात कोणी निंदायला बोलावत नाही. ती चार कोस चालून दुसऱ्या गावी जाते. त्याच चपला घालून.

चिखलीचे माझे मित्र म्हणतात, दुसरं एखादं स्टेशन लागलं असेल. विजेशिवाय? कोणी म्हणतं, सगळ्यांना एकदम भास झाला. वायरमन परगावचा होता, त्याने उत्तमला कधी पाहिलंही नव्हतं. त्यालाही तेच शब्द ऐकू आले. मी पेटी उघडून पाहिली, तारा मोजल्या, कर्णा उतरवून पाहिला. काही सापडलं नाही. माझ्याजवळ खुलासा नाही.

पण ज्याला खुलासा लागत नाही, तेही सांगून टाकतो. उत्तम ऊन बाधून मेला नाही. त्याला आम्ही मारलं. काकांनी, गड्याने, हसणाऱ्यांनी आणि मी. पंचनाम्यावरची माझी सही मी इथे, तुमच्या देखत, मागे घेतो.

तुम्ही मला पत्र पाठवून विचाराल, तो आवाज खरंच त्याचा होता का? ते विचारू नका. तुमच्या गावच्या देवळापुढे भर दुपारी बारा वाजता चपला काढून उभे राहा. पाय भाजेपर्यंत हलू नका. मग वर बसलेल्यांना नाव घेऊन विचारा, इथे कोणाला चढू देत नाही? आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.