एकच हाळी

माझे बाबा डाव्या कानाने ठार बहिरे. लहानपणी ताप डोक्यात गेला आणि जाताना कान घेऊन गेला. तळेघरच्या आमच्या खाचरांवर धुकं उतरलं की चार हातांवरचं माणूस दिसत नाही. सगळा कारभार हाळीवर. एका कानाला हाळी ऐकू येते, पण दिशा कळत नाही. मग बाबा मान सावकाश फिरवत चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे जायचे. आवाज वाढेल तिकडे माणूस. "झाला पंखा सुरू," असं आई चिडवायची, आणि ते पोचेपर्यंत हाळ्या देत राहायची.

एका भाद्रपदात दाट धुक्यात ती गवत कापायला गेली आणि बांधावरून घसरून ओढ्यात पडली. तिने एकच हाळी दिली. बाबा मान फिरवत थांबले, पण दुसरी आलीच नाही. मग ते वर गेले. आई खाली होती. सापडली तेव्हा फार उशीर झाला होता. मयतीला आलेल्या एका पाहुण्याने विचारलंच, "येवढ्या जवळ व्हती राव, अन् तुमी वर कशापायी गेला?" त्यानंतर बाबांनी आईचा विषय कधी काढला नाही. त्या पाहुण्याचा मला अजून राग येतो.

मी पुण्यात गुरुत्वीय लहरींवर काम करते. दूर कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळतात, त्याची थरथर टिपायला अवकाशात तीन यानं सोडायची आहेत. ती थरथर आली कुठून, हे शोधायचं गणित माझ्या वाट्याला. गेल्या दिवाळीत ओसरीवर बसून बाबांनी विचारलं, "कुटनं आली त्ये कसं वळखता?"

"तुमच्यासारखंच," मी म्हणाले. "यानं सूर्याभोवती फिरत राहणार. फिरताना थरथर कमीजास्त होते, त्यावरून कळतं. पण महिनोन्महिने ऐकावं लागतं."

"आन् येकदाच येऊन गप झाली तर?"

ते काय विचारताहेत ते मला कळलं.

"मग नक्की सांगता येत नाही. दोन-चार दिशा सारख्याच खऱ्या वाटतात."

"येवढ्या यंत्रांलाबी?"

"हो."

मग बाबा म्हणाले, "तिनं येकदाच दिली. आनखी येक दिली आसती तर?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "सापडली असती, बाबा."

ते खाचरांकडे तोंड करून बसले, आणि त्यांची मान सावकाश इकडून तिकडे फिरू लागली.