शिंदेबाईंचे शब्द

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. काल आमच्या जुन्या शाळेच्या खिडकीतून दिसलं, एक मुलगी संगणकावरचं मराठी मोठ्याने वाचत होती, 'चित्र जपून ठेवायचं का?' हे शब्द आमच्या शिंदेबाईंचे. कुणीही मोफत वापरावं अशा सॉफ्टवेअरचं मराठी त्यांनी सुट्टीत बसून केलं होतं. तेव्हा इथला मुख्याध्यापक मी होतो.

"बाई, फुकटचं म्हणजे चोरीचंच! तपासणीत अडकवाल मला."

"अहो सर, हे सगळ्यांसाठीच बनवलंय."

मी सगळं पुसायला लावलं. पण त्या सॉफ्टवेअरसोबत बाईंचं मराठी बाकीच्या शाळांतही गेलं होतं; आमच्याकडे पुसलेलं तिथे राहिलं, वाढलं आणि फिरून इथे आलं. काल त्या खिडकीशी मी बराच वेळ सुखाने उभा होतो.

बाईंची बदली झाली, तोवर ते चोरीचं नव्हतं हे मला कळलं होतं. निरोपाला शाल दिली, नारळ दिला. 'बाई, माझं चुकलं' एवढं मात्र म्हणता आलं नाही.