भाऊंचा हात लागला!

कॉम्प्युटर बंद पडला की भाऊ आधी त्याच्या डब्यावर तळहात ठेवायचे आणि म्हणायचे, “मेला न्हाई वो, रुसलाय.”

भाऊ मूळचे तळवड्याचे शेतकरी, चाकणच्या आमच्या कंपनीत मेंटेनन्सला. कॉम्प्युटरचं खातं माझं. डिप्लोमा माझा, पासवर्ड माझे, शिव्याही माझ्याच. पण काही बिघडलं की हाक भाऊंना. का, तर ते मशीनवर बसलेल्या बाईमाणसाला आधी विचारतात, “ताई, जेवलात का?” आता तुम्हीच सांगा, कुणी जेवल्यानं प्रिंटर चालतो का? खंडेनवमीला सर्व्हरची पूजा व्हायची. सर्व्हर माझा, नारळ फोडायला भाऊ! अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एकदा सकाळी अपडेट झालं आणि डिस्पॅचच्या मशीनमधलं नेटवर्क अडॅप्टरच दिसेनासं झालं. नेट नाही म्हणून मालाचं चलन निघेना. गेटवर भरलेला ट्रक उभा, तिकडे गिऱ्हाईक कंपनीची लाइन थांबायची वेळ. डिस्पॅचच्या ताई रडकुंडीला आल्या. अडॅप्टर चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर, त्याच्या जुन्या आवृत्तीवर परत जायचं बटण दबेना. नवा उतरवून घ्यायला नेट हवं, आणि नेटचीच तर बोंब! शेवटी माझा मोबाइल केबलनं जोडला, त्याच्या नेटवर ड्रायव्हर घेतला, मशीन बंद करून चालू केलं. तेवढ्यात भाऊ आले, त्यांनी सवयीनं डब्यावर हात ठेवला, आणि नेट आलं.

“भाऊंचा हात लागला!” ताई ओरडल्या.

“आवं, म्या काय केलं? समदं साहेबांनी केलं.”

“बघा, किती साधा माणूस!”

घ्या! खरं बोलले, तर त्याचंही कौतुक त्यांचंच. असा जळलो म्हणून सांगू!

पुढे भाऊ रिटायर झाले. निरोपाच्या दिवशी सगळ्यांत जोरात टाळ्या माझ्या होत्या. म्हटलं, सुटलो एकदाचा.

परवा पुन्हा अपडेट, पुन्हा अडॅप्टर गायब. चहा गार व्हायच्या आत मी काम उरकलं. ताई “थँक्यू सर” म्हणाल्या आणि लगेच त्यांनी भाऊंना फोन लावला. “भाऊ, आज तुमची फार आठवण आली हो.” मी आपला केबल गुंडाळत तिथंच उभा. जरा वेळानं त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. “भाऊ तुम्हाला मागतायत.”

“साहेब,” भाऊ हळूच म्हणाले, “आता तरी तुमचं नाव घेत्यात का तिथं?”

ताई समोरच चलन छापत होत्या.

“घेतात की, भाऊ.”

“बरं झालं बाबा,” ते म्हणाले. “लई लागून राह्यलं होतं जिवाला.”