मामांचं एकुलतं एक क्रियापद

जर्मन भाषेचं माझ्या बायकोच्या मामांइतकं सखोल आणि निरुपयोगी ज्ञान असलेला माणूस अख्ख्या मल्लेश्वरममध्ये नाही, बहुधा जर्मनीतही नसावा. गेलं वर्षभर ते जर्मन शिकताहेत आणि त्यांना एक क्रियापद येतं. एस्सेन, म्हणजे खाणे. मामी गेल्यापासून मामा एकटेच राहतात. लेक जर्मनीत, जावई तिथलाच, आणि सहा वर्षांच्या नातीला मराठीचा गंध नाही. तिच्याशी बोलता यावं म्हणून त्यांनी क्लास लावला. बरोबरची पोरं स्टेशनचा रस्ता विचारायला शिकून पुढे गेली. मामांनी एस्सेनपाशीच बस्तान ठोकलं. शाळेत संस्कृत घोकलेला माणूस! धातू पक्का झाल्याशिवाय पुढचं पान उलटणं त्यांच्या लेखी पाप. न्हाणीघरातून रोज सकाळी "इश एस्से, डू इस्स्ट, एर इस्स्ट" असा घोष ऐकू येतो. शेजारच्या अक्कांना ते स्तोत्र वाटलं आणि त्याचं फळ काय, असं त्यांनी एकदा भक्तिभावानं विचारलंही.

"वर्तमानात एस्से, भूतकाळात आस, आणि खाऊन झालं की गेगेस्सन. आतला स्वरच बदलतो बघा. बलवान क्रियापद म्हणतात याला!" हे ते अशा रुबाबात सांगतात, की त्या क्रियापदाला तालमीत त्यांनीच घातलं असावं. मग संस्कृतातला अद् धातू हा त्याचा सख्खा भाऊ, त्याच अद्‌वरून आपलं अन्न, अशी वंशावळ सुरू होते. एकदा हॉटेलात ती ऐकता ऐकता माझा डोसा गार झाला. शेवटी मी घाईनं घास कोंबला, तर मामा म्हणाले, "माणूस खातो ते एस्सेन, जनावर खातं ते फ्रेस्सेन." हे सांगताना त्यांची नजर माझ्या ताटलीवर होती.

आता आमच्या या कानडी मुलखात माणूस भेटला की नमस्काराच्या जागी "ऊट आयता?" म्हणायचं. जेवण झालं का, एवढाच अर्थ, आणि उत्तरासाठी कुणी थांबत नाही. मामांनी हेच जर्मनमध्ये नेलं. दर रविवारी नात फोनवर दिसली की "हास्ट डू गेगेस्सन?", जेवलीस का? ती बिचारी पाव, चीज, सफरचंद असा इमानदारीत हिशेब द्यायची. त्यानंतर मामांकडे बोलायला काही नसे, म्हणून ते पुन्हा तेच विचारत. अखेर लेकच म्हणाली, "अण्णा, ती मला विचारते, मी तिला उपाशी ठेवते असं ओपांना वाटतं का?" ओपा म्हणजे आजोबा. पुढे पुढे पोरगी फोनजवळ येईनाशी झाली. मामा रिकाम्या सोफ्याकडे बघत बसायचे. मी म्हटलं, "मामा, 'खेळणे' शिका, 'शाळा' शिका." तर म्हणे, "स्वल्प थांबा, जावईबापू. हा आधी पक्का होऊ दे." मला तेव्हा त्यांचा खरंच राग आला. हट्टापायी नात हातची चालली होती.

गेल्या रविवारी दुपारी मी तिथेच होतो. लेकीनं पोरीला जवळजवळ ओढूनच फोनपुढे आणलं. मामांनी घसा साफ केला, पण त्याआधी तीच म्हणाली, "ओपा, हास्ट डू गेगेस्सन?"

मामांनी तोंड उघडलं, पण त्या वर्षभराच्या घोकंपट्टीतलं एकही रूप बाहेर पडेना. त्यांनी नुसती मान हलवली. नाही. पोरगी आईकडे वळून काहीतरी काळजीनं बोलली. मामा उठले, स्वयंपाकघरातून भाताचं पातेलं आणि सारू, म्हणजे इकडचं सार, घेऊन आले आणि फोनपुढे धरून दाखवू लागले, कारण भाताला जर्मनमध्ये काय म्हणतात हे त्यांना कुठं ठाऊक होतं! पोरीनं बोटानं खूण केली: खा.

मी फोन डब्याला टेकवून उभा केला. मामा भात कालवून जेवू लागले, आणि ती तिकडे हनुवटीखाली हात घेऊन त्यांचं ताट संपेपर्यंत समोर बसून राहिली. मामी गेल्यानंतर मामांच्या जेवणाला कुणी असं बसलं नव्हतं.