बोटांनी फिरवलेला नट

गाडीला दिवे बसवून झाले की लाईटचाचा गाडीकडे पाठ करून चालायला लागायचे. ओठांतल्या ओठांत मोजत पंचवीस पावलं जायचे, वळायचे आणि भर रस्त्यात उकिडवे बसायचे. मग तिथून हाक यायची, "लाव!" दिवे लागले की ते सरळ त्या उजेडात बघत राहायचे. नवख्या माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याला काहीतरी झालंय. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "गाडीत बसणाऱ्याला समदं झ्याकच दिसतंय गड्या. समोरनं येणाऱ्याच्या जागी कुणीतरी बसाय नको?"

कडेगावात स्टँडच्या रस्त्याला त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. अर्ध्या जागेत चाचांचं टेबल, अर्ध्या जागेत त्यांच्या मुलीचं, शमीमचं, शिलाई मशीन. मधे पडदा नव्हता. वायरचे तुकडे आणि कापडाच्या चिंध्या एकाच केरात निघायच्या. ऊसतोडीच्या दिवसांत मागं दिवा नसलेली ट्रॉली समोरून जायला लागली की चाचा हातातलं काम टाकून तिच्या आडवे उभे राहायचे.

"मागनं येणाऱ्याला काय दिसायचं रं? ऊस?"

"चाचा, सोडा की. कारखान्यावर लाईन लागलीया."

"लागू दी. वर जायला लाईन न्हाई, तिथं लगेच नंबर लागतोय."

असं म्हणत म्हणत ते ट्रॉलीच्या मागच्या फळीला तांबडा दिवा बांधून मोकळे व्हायचे. ड्रायव्हर शिव्या घालत जायचा आणि परत येताना हात करून जायचा.

मी मूळचा कडेगावचा. नोकरी साताऱ्यात, बँकेत. पन्नाशी आली तेव्हा मला एक खूळ लागलं आणि मी सांगलीच्या एका डॉक्टरांच्या घरातून त्यांची जुनी कॅम्पर व्हॅन घेतली. माझ्या नोकरीपेक्षा तिचं वय जास्त होतं. आत झोपायला दोन फळ्या, भिंतीला मिटून ठेवायचं टेबल, स्टोव्हपुरता ओटा आणि खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. चाचा तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "सुदा, ही गाडी न्हाई. ही चाकावरची खोली हाय. भाडेकरू कोण, तू?"

पावसाळ्यात ती कोयनानगरच्या पुढं घाटात न्यायची, म्हणून मला धुक्यासाठी जादाचे दिवे हवे होते. मी साताऱ्याहून चांगले डोळे दिपवणारे पांढरे दिवे घेऊन आलो होतो. ते टपावर बसवायचे, असं माझं ठरलेलं. चाचांनी खोकं उघडलं, बघितलं आणि परत बंद केलं.

"टपावर? मिरवणूक काढतोयस व्हय? धुक्यात पांढरा दिवा लावला की तो भिंतीवर बॅटरी मारल्यागत उलटा तुझ्याच तोंडावर येतोय. धुकं खालनं थोडं उचललेलं असतंय. दिवा बंपरच्या खाली पायजे, पिवळा पायजे, आणि मान खाली घालून बघणारा पायजे."

मग त्यांनी टेबलाखालची पत्र्याची ट्रंक ओढली. शमीमच्या जुन्या ओढणीत गुंडाळलेले दोन दिवे त्यातून निघाले. जाड पिवळ्या काचेचे, कुठल्याशा भंगारात गेलेल्या बसचे. "लय वर्सं झाली. अशा कामाला ठेवलं व्हतं," म्हणाले.

जुलैतल्या सगळ्या शनिवार-रविवारच्या दुपारी मी त्यांच्या दुकानापुढं काढल्या. गाडीचा डायनॅमो जुना; त्याच्यावर किती भार टाकायचा, याचा ते डॉक्टरसारखा विचार करायचे. "म्हातारीच्या अंगात दम केवढा, ते बघून वझं द्यायचं." वायर त्यांनी कधी ताणून बांधली नाही. टेप गुंडाळली की शेवटचं टोक दुमडून ठेवायचे. "पुढं कुणाला तरी उघडाय लागंल. त्याला टोक सापडाय पायजे."

त्याच दिवसांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली. वायर हातात घेऊन ते उजेडाकडे धरायचे आणि हळूच विचारायचे, "शमे, हे तांबडं का तपकिरी?" शमीम मशीन न थांबवता सांगायची, "तांबडं, अब्बा." एकदा मी बघतोय हे कळल्यावर हसले. "मिरजंचा डागदर म्हणतोय, डोळ्यात धुकं उतरलंय. आता वरीसभर दिसंल न्हाईतर म्हैनाभर, त्याचं त्यालाच ठावं न्हाई."

दिवे बसले. पण ज्या नटावर दिवा हलतो आणि थांबतो, तो नट चाचांनी फक्त बोटांनी फिरवून ठेवला. पाना लावला नाही. ही त्यांची जुनी रीत होती. दिवा ज्या कामासाठी बसवला, ते काम करताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय शेवटचा नट ते आवळायचे नाहीत. ट्रॅक्टरच्या दिव्यांसाठी दिवेलागणीला रानापर्यंत जायचे, तिथं बघून आवळायचे. धुक्याच्या दिव्यांचं मात्र त्यांना आजवर जमलं नव्हतं. आमच्याकडं धुकं कुठलं? कोकणात उतरणारे ट्रकवाले दिवे बसवून घ्यायचे आणि परत आल्यावर "चाचा, एक नंबर" म्हणायचे. त्यांच्या शब्दावर पाना लागायचा.

"चाळीस वर्सं धुक्याचं दिवं बसवतोय रं," ते म्हणाले, "धुकं काय बघितलं न्हाई."

मी लगेच म्हणालो, "चाचा, मग चला की माझ्याबरोबर. तिथंच बघून आवळा."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला माझंच कौतुक वाटलं. ऑगस्टमधला एक रविवार ठरला. मी साताऱ्याहून यायचं आणि पहाटे पाचला कराड रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांना गाडीत घ्यायचं.

त्या रविवारी मी गेलो नाही. म्हणजे घाटात गेलो, कडेगावला गेलो नाही. पुण्याच्या ऑफिसातले दोन वरिष्ठ शनिवारी साताऱ्यात आले. त्यांनी गाडी बघितली आणि "उद्याच जाऊ या" म्हणाले. मला नाही म्हणवलं नाही. कडेगावला वळायचं म्हणजे वाकडी वाट, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण तेवढंच नव्हतं. त्या दोघांच्या मधे ग्रीसचा वास येणारे, माकडटोपी घातलेले, मला "सुदा, लेका" म्हणणारे चाचा बसलेत, हे चित्र मला नको होतं. फोनही केला नाही. केला असता तर कारण सांगावं लागलं असतं.

उंब्रजवरून आम्ही पाटणला वळलो, कोयनानगर मागं टाकलं आणि घाटमाथ्यावर धुकं आलं. बंपरच्या पुढचं काही दिसेना. मी बटण दाबलं. रस्ता खालून उजळला. कडेचा पांढरा पट्टा, गटाराचा एकेक दगड, वळणावरचं गवतसुद्धा दिसायला लागलं. वर धुकं तसंच होतं आणि त्याच्या खालून आमच्यापुरती पिवळी वाट चालली होती. समोरून एक ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हरनं काच खाली करून विचारलं, "कुणी बसवलं वो दिवं? लांबनं दिसलं, पण डोळ्यात आलं न्हाईत."

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याशेजारी बसलेलं असायला हवं होतं. मी म्हणालो, "आहे गावाकडचा एक मिस्त्री."

परतताना चहाला थांबलो तेव्हा डावा दिवा थरथरत होता. मी पाना काढला आणि नट आवळून टाकला.

दुसऱ्या दिवशी शमीमचा फोन आला. अब्बा पहाटे चारपासून कोपऱ्यावर उभे होते, नऊ वाजता आपणच जाऊन त्यांना घरी आणलं, तुम्हाला कुठं काही झालं तर नाही ना, म्हणून ते जेवले नाहीत, असं ती म्हणाली. मग तिनं फोन त्यांच्याकडं दिला. "काय झालं रं सुदा?" त्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. मला राग सोसला असता. मी खोटं बोललो.

"चाचा, दिवे लागलेच नाहीत. निघताना लावून बघितले तर वायर जळल्याचा वास आला. म्हणून निघालोच नाही."

पलीकडे शिलाई मशीन चालल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"कुठली वायर?"

"तांबडी असेल बहुतेक. बदलून घेतली साताऱ्यात."

"तांबडी," चाचा म्हणाले. "मग माझंच चुकलं. तू भाजला न्हाईस न्हवं?"

हे कारण मला अचानक सुचलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. चाचांना वायरचा रंग विचारताना मी बघितलं होतं. कुठं बोट ठेवलं की पुढचा प्रश्न येणार नाही, हे मला माहीत होतं.

त्या आठवड्यापासून चाचांनी काम घेणं बंद केलं. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "आता नगं गड्या. सुदाची गाडी जळाली असती माझ्या हातनं." हे मला गावातूनच कळलं. पुढच्या रविवारी जाऊन खरं सांगू, असं म्हणत मी सगळे रविवार घालवले. आधी वाटायचं, ते रागावतील. मग वाटायला लागलं, रागावणार नाहीत. ते जास्त अवघड होतं.

दिवाळीत गेलो, व्हॅन घेऊन. मनात होतं की त्यांना उचलायचं, घाटात न्यायचं आणि तिथं सांगायचं. दुकानात शमीमचं मशीन मधोमध आलेलं होतं, चाचांच्या टेबलावर कापडाचे तागे. तिच्या खांद्यावर हात ठेवून चाचा बाहेर आले तेव्हा मला कळलं. ते माझ्या आवाजाकडं बघत होते, माझ्याकडं नाही.

"खोली आणलीस व्हय?" म्हणाले आणि हातानं गाडी चाचपत पुढं गेले. बंपर सापडल्यावर उकिडवे बसले. डाव्या दिव्याच्या काचेवरून हात फिरला, खाली नटावर आला आणि थांबला.

"पाना कुणी लावला?"

"मी."

त्यांचा हात बंपरच्या मागं गेला. वायरवरून बोटं चालत गेली, टेपेवर आली आणि दुमडलेल्या टोकाशी थांबली. मग उजव्या बाजूला तेच. शमीम माझ्याकडं बघत होती.

"वायर माझीच हाय," चाचा म्हणाले. "टेपबी माझीच. मग जळलं काय?"

मी सगळं सांगितलं. पाहुणे, घाट, फोन, तांबडी वायर, आणि त्यांना बरोबर का नेलं नाही तेही. चाचांचा हात अजून दिव्यावरच होता.

"म्हंजे लागलं व्हतं," ते म्हणाले.

"व्हय चाचा."

"समोरच्याच्या डोळ्यात?"

मी ट्रकवाल्याचे शब्द सांगितले. त्यांनी ते मला आणखी दोनदा सांगायला लावले. लांबनं दिसलं, पण डोळ्यात आलं न्हाईत. तोंड फुलून आलं होतं त्यांचं. मग ते हळूहळू मावळलं.

"तवा दिसत व्हतं रं मला," म्हणाले. "अजून दोन म्हैनं दिसत व्हतं." एसटी निघून गेल्याचं सांगावं तशा आवाजात.

शमीम आत जाऊन चहा घेऊन आली. एकच कप आणला, आणि तो तिनं वडिलांच्या हातात दिला.

चहा संपल्यावर चाचा म्हणाले, "आवळताना उचललास तू डावा. जा, बस समोर." मी पंचवीस पावलं मोजली, वळलो, रस्त्यात उकिडवा बसलो. आयुष्यात पहिल्यांदाच. सांज झाली होती. शमीमनं बटण दाबलं.

"येतंय डोळ्यात?"

"येतंय. डावा."

त्यांनी पान्यानं नट सैल केला, अंगठ्यानं दिवा दाबला. "आता?"

"आता न्हाई."

त्यांनी बोटांनी नट फिरवला. मी परत येऊन पाना उचलला, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. "ऱ्हाऊ दे. मी कुठं बघितलंय अजून?"

निघताना मी म्हणालो, "चाचा, गावात मी सगळ्यांना खरं काय ते सांगतो."

"नगं. तुझं नाव खराब हुईल. मी आता थोडंच दुकान उघडणार हाय?"

मी त्यांचं ऐकलं. ऐकताना मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

पुढच्या उन्हाळ्यात चाचा गेले. मातीला अर्धं गाव आलं होतं. परतताना माझ्या पुढं चाललेला एक ट्रॅक्टरवाला दुसऱ्याला म्हणाला, "माणूस लय मोठा. पर शेवटी शेवटी हात चुकाय लागला व्हता. कुणाची तरी गाडी जळताजळता वाचली म्हणं." दुसरा व्हय व्हय म्हणाला. मी दोन पावलांवर होतो. बोललो नाही.

म्हणून हे लिहितो आहे. ती गाडी माझी. ती जळत नव्हती. कडेगावातल्या ज्या कुणी चाचांकडून दिवे बसवून घेतले, त्यांनी एवढं वाचावं की त्यांचा हात शेवटपर्यंत चुकला नाही.

व्हॅन अजून आहे. शमीमकडं मी दरवर्षी जातो, ती बोलते, चहा मात्र विचारत नाही. डाव्या दिव्याचा नट तसाच आहे, बोटांनी लावलेला. खराब रस्त्यावर तो सैल होतो आणि दिवा मान टाकतो. मग मी गाडी कडेला घेतो, बंपरपुढं बसून तो बोटांनी फिरवतो, दिवे लावतो आणि पंचवीस पावलं मोजत पुढं जातो. पाना गाडीतच असतो.