दोन गावची होडी

पाण्याच्या बरोबर मध्यावर आलं की ती वल्हं उचलून मांडीवर आडवं घ्यायची, कनवटीची चंची काढायची आणि म्हणायची, "बसा घडीभर. पानी काय पळून नाय जात." मग पानाला चुना लागायचा, सुपारी कातरली जायची. होडीत कोण बसलंय, त्याला किती घाई आहे, याचा तिच्या पानाशी काही संबंध नसे. एकदा तालुक्याचे मोठे साहेब होते. त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. तिनं त्यांनाही एक पान लावून दिलं.

मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो. खर्डीला उतरायचं, रिक्षानं धरणाच्या काठापर्यंत जायचं आणि लशींचा बर्फाचा डबा पोटाशी धरून तिच्या होडीत बसायचं, हा माझा बारा-तेरा वर्षांचा रिवाज. मी डॉक्टर नव्हतो, पण तिनं मला पहिल्याच दिवशी "डाक्टर" केलं आणि नंतर ते नाकारायचा धीर मला झाला नाही. तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील, जी आपल्याला एकदम बढती देऊन टाकतात.

अलीकडच्या काठावरच्या गावात ती दिलेली. तिथं ती सगळ्यांची काकी. पलीकडच्या काठावर तिचं माहेर. तिथं म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून शेंबड्या पोरांपर्यंत सगळे तिला आत्या म्हणत. मी आपला चढताना काकी म्हणायचो आणि उतरताना आत्या. तिला त्याची गंमत वाटे. "डाक्टर, मधी काय म्हनता वो मला?" असं ती एकदा विचारून बसली. मी म्हटलं, मधे तुम्ही पान खात असता, मी कशाला बोलू?

तिचं लग्न झालं तेव्हा मधे पाणी नव्हतं. भातखाचरांच्या बांधावरून चालत गेलं की चूल पेटायच्या आत माहेरी पोचता येई. मग धरण भरलं आणि ती वाट पाण्याखाली गेली. काठाकाठानं जायचं तर अख्खा दिवस मोडे. बापानं एक वर्ष वाट पाहिली, मग घरापुढचा ऐनाचा मोठा वृक्ष पाडला आणि त्याच्या फळ्यांची होडी करून लेकीला दिली. लोक लेकीला भांडी देतात, गाय देतात. हिला बापानं माहेरची वाट दिली. नवरा लवकर गेला, मुलं भिवंडीच्या गोदामांत कामाला लागली, आणि त्या होडीवर तिचं पोटही चालू लागलं. दर उन्हाळ्यात होडी पालथी घालून डांबर लावायला तिचा धाकटा भाऊ येई. म्हसा गावच्या जत्रेतून आणलेली एक घोंगडी होडीत कायम अंथरलेली असे. तिच्यावर माणूस बसे, शेळी बसे, आजारी म्हातारी निजे. घोंगडीनं कधी भेद केला नाही.

दोन्ही काठांची मिळून एकच गट ग्रामपंचायत होती. वर्षाला एकदा होडीपट्टी भरली की दोन्हीकडे होडी लावायला मोकळीक. पुढे पलीकडच्यांनी वेगळी चूल मांडायचं ठरवलं. रस्ता आधी कोणाचा, नळ आधी कोणाचा, यावरून कुरबुरी होत्याच. सह्या झाल्या, कागद फिरले आणि एकाच्या दोन पंचायती झाल्या. ग्रामसेवक मात्र एकच राहिला. दोन्हीकडचा कारभार त्या एका गरीब पोरगेल्या माणसाच्या गळ्यात. तो देशावरचा, पाण्याला फार भिणारा. खांद्याला दोन पिशव्या अडकवायचा, निळी अलीकडची, तांबडी पलीकडची. तांबडीतला कागद निळीत गेला तर राज्य बुडेल अशा काळजीनं वागायचा.

त्या सुमारास शनिवार-रविवारी फार्महाऊसवाल्यांच्या मोटारबोटी पलीकडच्या काठाला लागायला लागल्या होत्या. जाळी फाटायची, बाया धुणं सोडून वर पळायच्या. म्हणून नव्या पंचायतीनं पहिलाच ठराव केला की बाहेरच्या होडीनं वेगळी पट्टी भरावी. ठराव मांडला हिच्या धाकट्या भावानं. तो आता सदस्य होता. गावची होडी कोणती? तर मोजणीच्या दिवशी गावच्या काठाला जी बांधलेली दिसेल ती. पलीकडच्यांनी केलं म्हटल्यावर अलीकडचे कसे मागे राहतील? त्यांनीही तसाच ठराव ठोकला.

त्या दिवशी ग्रामसेवकानं अलीकडच्या होड्या मोजल्या, मग पलीकडे जाऊन तिथल्या मोजल्या. याद्या झाल्या, शिक्के बसले. महिन्याभरानं तो पुन्हा आमच्याबरोबर होडीत बसला. दोन्ही हातांनी दोन कडा घट्ट धरलेल्या. मध्यावर वल्हं वर आलं, चंची उघडली.

"साहेब, आज कोनाकडं?" तिनं विचारलं.

"तुमच्याकडेच," तो ओशाळून म्हणाला. त्यानं एक हात मोठ्या हिमतीनं सोडवला आणि निळ्या पिशवीतून एक, तांबडीतून एक, असे दोन कागद तिच्यापुढे धरले. ज्या होडीवर नोटीस, त्याच होडीतून, आणि फुकट. सरकारी माणसाकडून ती पैसे घेत नसे.

तिला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. दोन्ही कागदांवर तिच्या होडीपुढे एकच शेरा होता, बाहेरील होडी. जुनी पट्टी भरलेली असली तरी दोन्हीकडे नव्यानं भरावी.

"पट्टीचं जाऊ द्या," ती म्हणाली. "त्या अंगाला बाहेरची कोनी लिवली?"

"ठराव आहे ना," ग्रामसेवक म्हणाला, आणि मांडणाऱ्याचं नाव त्यानं सांगून टाकलं. माणूस सरळ होता, त्याला कुठं थांबावं ते कळत नसे.

तिनं लावलेलं पान तसंच चंचीत ठेवलं आणि वल्हं पाण्यात घातलं. मी इतक्या वर्षांत तिला पान न खाता पाणी ओलांडताना पाहिलं नव्हतं. पलीकडे उतरल्यावर भावाच्या घरी कोरा चहा हा तिचा नेम. त्या दिवशी ती होडीतच बसून राहिली. नंतरही आली की तशीच बसे. पोरं काठावरून "आत्या, वर ये गो," म्हणून हाका मारत. "बाहेरच्यांनी वर नाय यायचा," असं ती हसत सांगे. हसणं तोंडापुरतं होतं, ते मला दिसे आणि जिवाला लागे. आता ती डब्यात भाकरी आणू लागली होती. माहेरच्या काठावर बसून सासरची भाकरी खाणारी बाई मी तेवढी एकच पाहिली.

भाऊही वाईट नव्हता. आपल्याच ठरावात आपली बहीण सापडेल हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि ध्यानात आल्यावर काठापर्यंत यायची त्याला लाज वाटत होती. शेवटी त्यानंच ग्रामसभा बोलावली, आपल्या अंगणात. नव्या पंचायतीला अजून कचेरी नव्हती. मी त्या दिवशी शेळ्यांना लस टोचायला गेलो होतो, तर मलाही बसवून घेतलं. ती होडीतून उठून वर आली, पण अंगणाच्या कडेला उभीच राहिली.

ग्रामसेवकानं यादी वाचली. त्या दिवशी ही होडी काठाला बांधलेली आढळली नाही, सबब बाहेरची.

मला राहवलं नाही. मी उठून म्हणालो, "साहेब, ती आढळणार कशी? तुम्ही तिच्यात बसला होता."

कारण खरं तेच होतं. पाण्याला भिणारा हा माणूस उतरून काठ मोजायला गेला की ती होडी बांधायची नाही. नाक चिखलात रोवून वल्हं टेकवून धरायची आणि त्याची वाट पाहायची. अलीकडे त्याला न्यायला आणि पलीकडे परत आणायला, दोन्ही काठांवर ती तशीच थांबली होती. त्यानं खुंटांना बांधलेल्या सगळ्या होड्या मोजल्या. ज्या होडीतून आला ती तेवढी मोजायची राहिली. मी आणि माझा बर्फाचा डबा आणि कुणाची तरी शेळी, आम्ही तिघेही साक्षीला होतो.

अंगण हसून हसून लोळलं. ग्रामसेवकाचे कान लाल झाले. तरी तो नियमाला धरून होता. "मग ती दोन्हीकडे होती असं होतं. एक होडी दोन वह्यांत कशी बसायची?"

"मी बसते ना दोन्हीकडं," ती कडेवरून म्हणाली. "होडीला काय झालं?"

कोणीतरी तोडगा काढला की गावची लेक आहे, तिला पट्टी माफ करून टाकू. सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही वाटलं, चला, मिटलं.

"माफी नको," ती म्हणाली. "माफी बाहेरच्याला देतात. तुमी सगळी भरता ती पट्टी माझ्याकडनं घ्या. पन माझ्या बापाच्या होडीला बाहेरची लिवू नका."

भाऊ उठला. बहिणीकडे न बघता तो ग्रामसेवकाला म्हणाला, "साहेब, तुमी बसलात कशावर?"

ग्रामसेवक दचकून उभा राहिला. तो अंगणातल्या खुंटावर बसला होता. चहा पिताना सगळेच त्यावर बसत.

"ऐनाचा हाय. वरचा झाड त्या होडीत गेला. मी फळ्या धरल्यात, तवा मी एवढासा व्हतो. खुंट गावात अन् झाड बाहेरचा, असा कुठं असतं काय? लिवा, गावची. चूक माझी हाय."

ग्रामसेवकानं तांबड्या पिशवीतून पावतीपुस्तक काढलं. यादीतल्या "बाहेरील"वर काट मारून त्यानं "गावची" लिहिलं आणि खाली सही केली. तिनं पदराची गाठ सोडून पट्टी भरली. मग भावजयीनं आतून चहा आणला आणि ती ओटीवर बसून तो प्याली. दुसरा कप तिनं मागून घेतला.

परतताना मध्यावर पान रंगलं. ग्रामसेवक म्हणाला, अलीकडची पट्टी आता माफ करून घेऊ, एका होडीवर दोनदा घेणं बरं दिसत नाही.

"का माफ?" ती म्हणाली. "मी दोन गावची हाय. दोन भरीन." आणि भरली, दर वर्षी, दोन्हीकडे, दोन्ही पावत्यांवर "गावची" लिहून घेऊन. ते मला मुद्दाम वाचायला लावी. ज्यांच्यासाठी एवढं रामायण झालं त्या मोटारबोटी मात्र त्या काठाला पुन्हा फिरकल्याच नाहीत.

गेल्या थंडीत ती गेली. चार दिवस ताप आला, तेवढंच निमित्त. मी निवृत्त झालो होतो. कळलं तेव्हा आठ-नऊ दिवस उलटून गेले होते. मी अलीकडे मुलांना भेटलो आणि मग दुसऱ्या कुणाच्या होडीनं पलीकडे गेलो. होडीवाला तरुण होता, मधे कुठं थांबला नाही.

भावानं ओटीवर बसवलं. दाढी वाढलेली. घरात देवाजवळ दिवा नव्हता, चुलीवर कढई नव्हती. शेजारच्या भावकीच्या घरांतही तसंच दिसलं. मी जरा चाचरत विचारलं, "लग्न झालेल्या लेकीचं सुतक माहेरी तीन दिवसांचंच असतं ना? तुम्ही दहा धरलेत?"

त्यानं चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

"तीन दिवस दिल्या घरच्या लेकीचं," तो म्हणाला. "हिची पट्टी भरलेली हाय."