थांबाबाई

पंख्याच्या कारखान्यात तिला सगळे थांबाबाई म्हणायचे. तिथं प्रत्येकाच्या डोक्यावर एक दोरी टांगलेली होती. मालात दोष दिसला की ती ओढायची, अख्खी लाइन थांबवायची आणि मूळ कारण शोधायचं, असा नियम. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंही होतं, ‘दोष माणसाचा नसतो, पद्धतीचा असतो.’ बाकीचे ते वाचून गप्प बसत, कारण लाइन थांबली की काम सुटल्यावरही थांबून माल पुरा करावा लागे. हिनं मात्र ते अक्षर अन् अक्षर खरं मानलं. मला विचाराल तर इतकं भाबडं असू नये.

तिच्या अलीकडच्या जागेवर तिची धाकटी जाऊ पंख्याच्या दांडीचे स्क्रू विजेच्या गननं आवळायची. हिनंच साहेबांच्या मागे लागून तिला कामाला चिकटवलं होतं. एकदा स्क्रू ढिले आले. असा पंखा उद्या कुणाच्या डोक्यात पडायचा, म्हणून हिनं दोरी ओढली. साहेब धावत आले.

“गन झिजलीय, साहेब. मी आधीपण सांगितलं होतं,” धाकटी म्हणाली. थांबाबाईनंही तेच सांगितलं. साहेबांनी मान डोलावली, “कारण सापडलं” म्हणाले आणि धाकटीला काढून टाकलं. नव्या गनला वरून मंजुरी लागते. माणूस काढायला काही लागत नाही.

धाकटी घरात भांडली नाही. भांडली असती तर परवडलं असतं. ताट वाढायची, पाणी द्यायची, पण तोंडातून शब्द नाही.

कारखान्यात तिच्या जागी दोन लेकरांची एक विधवा आली. गन तीच, स्क्रूही तसेच ढिले. थांबाबाईचा हात वर गेला तशी ती रडकुंडीला आली. “नका ना ओढू, मावशी. घरात मी एकटीच कमावते.”

हिनं हात खाली घेतला. स्क्रूड्रायव्हर उचलला आणि प्रत्येक पंख्याचे स्क्रू गुपचूप हातानं आवळू लागली. लाइन थांबेनाशी झाली. साहेबांनी सगळ्यांना जमवून टाळ्या वाजवायला लावल्या. लाज म्हणून नाही या लोकांना!

हिचं मनगट सुजून टम्म झालं. एका संध्याकाळी हातातून पातेलं निसटलं, तेव्हा धाकटी पुढे आली. गरम पाण्याचं फडकं पिळून शेकू लागली.

“काय झालं, ताई?”

इतक्या दिवसांनी ती बोलली म्हणून थांबाबाईला रडू आलं. तिनं सगळं सांगून टाकलं.

धाकटीनं ऐकून घेतलं. फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं.

“मग माझे का नाही आवळलेत, ताई?”